कांटा, चाक आणि आमचा पुतण्या

गेल्या महिन्यांत आमच्या पुतण्यास वेगमर्यादा मोडल्याबद्दल दंड झाला. मर्यादा ताशीं ६० किलोमीटरांची. रस्त्यावरील यंत्रांत नोंद ६३ ची. "काका, कांटा साठाच्या वर गेलाच नाहीं," असें तो वारंवार सांगूं लागला. इतकीं वर्षें विद्यार्थ्यांच्या सबबी ऐकलेल्या असल्यामुळें आम्हीं त्यास सर्व मंडळींदेखत खोटा ठरविलें. तें घाईचें झालें.

दुसऱ्या दिवशीं त्याची मोटारसायकल पाहतों तों पुढचें चाक निराळें. हौसेखातर त्यानें ९०/९०-१७ चा टायर काढून, रिमसुद्धां बदलून, १००/९०-१८ चा बसविला होता. हे आंकडे टायरच्या कडेवर असतात, पण वाचतो कोण? पहिला आंकडा टायरची रुंदी मिलिमीटरांत सांगतो. दुसरा, त्या रुंदीच्या शेंकडा किती टायरची उंची तें. तिसरा, रिमचा व्यास इंचांत. इंच २५.४ मिलिमीटरांचा धरून उंची दोन्ही बाजूंस मिळविली, म्हणजे जुन्या चाकाचा व्यास ५९३.८ मिलिमीटर येतो व नव्याचा ६३७.२. आर्यभटानें इ. स. ४९९ च्या सुमारास २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ सांगितला आणि प्रामाणिकपणें त्यास 'आसन्न' म्हटलें. आमच्या कामास तेवढें पुरे. त्या मानानें जुना परीघ १,८६५.५ मिलिमीटर, नवा २,००१.८.

स्पीडोमीटरला रस्ता दिसत नाहीं. तो केवळ चाकाचे फेरे जाणतो, आणि एका फेऱ्याची लांबी कारखान्यांत ठरली तीच धरून चालतो. फेरा १३६ मिलिमीटरांनीं वाढला, हें त्यास कोणीं सांगावें? तेव्हां ६० चे फेरे होत असतां गाडी ६४.४ नें धांवते. मग यंत्रांत ६३ च कां? बहुतेक कारखानदार कांटा मुळांतच किंचित् पुढें ठेवितात. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ व्या वाहन-नियमांतही, दाखविलेला वेग खऱ्याहून कमी असतां कामा नये, असें कलम आहे. ती सवलत मोठ्या चाकानें खाऊन टाकिली. चाक लहान बसविलें असतें, तर कांट्यानें उलट फुशारकी मारली असती.

स्पीडोमीटर कोणत्या चाकावर चालतो, हें मात्र आधीं विचारावें. केबल अगर सेन्सर पुढच्या चाकाशीं असेल, तर मागचा टायर बदलून कांट्यांत फरक पडत नाहीं. गिअरबॉक्सशीं असेल, तर मागचें चाक व चेनचे स्प्रॉकेट दोन्ही हिशेबांत येतात.

पडताळा सोपा आहे. आम्हीं पुतण्याच्या मागें बसून महामार्गावरील किलोमीटरचे दगड मोजले. (घरांत हें कोणास आवडलें नाहीं.) दहा किलोमीटर झाले तेव्हां अंतराचा आंकडा ९.३ होता. म्हणजे तेल बदलण्याची वेळही मीटरवर उशिरां येणार.

सायंकाळीं जेवणाच्या पंक्तींत आम्हीं आमचे शब्द परत घेतले. दंड मात्र त्यानेंच भरावयाचा, हें कायम. जुनें चाक माळ्यावर आहे, तें बसेपर्यंत टांकीवर आमच्या अक्षरांतली चिठ्ठी चिकटविली आहे: "कांटा ५६, म्हणजे ६०."