रंग उडाला, येणे बाकी

कापड घेताना आपण दुकानदाराला हमखास विचारतो, ‘रंग पक्का आहे ना?’ उन्हात विटू नये, साबणाला दाद देऊ नये, अशीच आपली अपेक्षा असते. हा पक्केपणाच पुढे नदीच्या मुळावर येतो. सुती कापडासाठी १९५६ साली बाजारात आलेले रिअ‍ॅक्टिव्ह रंग धाग्याशी रासायनिक बंध जोडतात. पण त्यांतला बराच भाग धाग्याला न चिकटता पाण्याबरोबर वाहून जातो. सोबत जाते ते रंगाईत वापरलेले ढीगभर मीठ. उन्हाला आणि साबणाला न जुमानणारा हा रंग सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंना तरी कसा जुमानणार?

याची किंमत तमिळनाडूतील तिरुप्पूरने मोजली. बनियन आणि टी-शर्टच्या या गावाजवळून नोय्यल नदी वाहते. शेतीसाठी तिच्यावर ओरतुपाळयम धरण बांधले. त्यात साठले ते रंगारी कारखान्यांचे सांडपाणी. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तेथील रंगाईचे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. आपल्याकडे इचलकरंजीच्या पंचगंगेचे दुखणेही याच जातीचे आहे.

यावर संशोधकांनी प्रकाश आणि वीज या दोघांना कामाला लावले आहे. टायटॅनियम डायऑक्साइड ही भिंतीच्या रंगात घालतात ती पांढरी भुकटी. तिच्यावर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन करता येते, हे फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ साली दाखवले. अतिनील किरण पडले की ही भुकटी पाण्यात असे जहाल कण निर्माण करते, की ते रंगाच्या रेणूंचे तुकडे करतात. दुसऱ्या पद्धतीत पाण्यात विद्युतअग्रे सोडून वीज खेळवतात. मग मिठातून क्लोरीन तयार होतो आणि तो रंग उडवतो. दोन्ही पद्धती एकत्रही वापरता येतात.

उपाय चांगले आहेत, पण त्यांचा उदो उदो करण्याची घाई नको. सूर्यप्रकाशात अतिनील किरण जेमतेम पाच टक्के असतात, आणि गडद पाणी तेही आत शिरू देत नाही. विजेचे बिल तर चुकत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, रंग दिसेनासा झाला म्हणून विष संपत नाही. अ‍ॅझो रंगाचा रेणू अर्धवट तुटला तर मागे अ‍ॅरोमॅटिक अमाइन राहू शकतात, आणि त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. क्लोरीनमुळे नवी घातक संयुगेही तयार होऊ शकतात.

माझी नोकरी बँकेत झाली. बुडीत कर्ज निर्लेखित केले की ताळेबंद स्वच्छ दिसतो, पण पैसे वसूल झालेले नसतात. नितळ पाण्याचेही तसेच आहे. म्हणून कारखान्याने पाण्याचा रंग दाखवून भागू नये; पाण्यात सेंद्रिय कार्बन किती उरला, ते किती विषारी आहे, मिठाचे काय केले, हेही मोजून जाहीर करावे. आधी नेहमीची शुद्धीकरण प्रक्रिया, आणि तिला न जुमानणाऱ्या रंगासाठी शेवटी प्रकाश व वीज, हा क्रम परवडणारा आहे.

तरीही कापड थोडे महागेल. ती वाढ आपण कुरकुर न करता द्यायला हवी. आज स्वस्त कापडाचा उरलेला पैसा नदीकाठचा शेतकरी भरतो आहे, आणि त्याला कोणी विचारलेले नाही.