सादियातची सहल, पण रविवारी

दुबईतील मोटार क्लबांचे सभासद सुटीच्या दिवशी आपल्या मोटारींचा ताफा घेऊन दूरदूरच्या सहलीस निघतात. अबूधाबीच्या सादियात बेटास जावयाचे तर नौकेचीही गरज नाही. दुबईहून सुमारे १३० किलोमीटरचा राजमार्ग, शेवटी समुद्रावरील पूल, की दीड तासात मोटार बेटावर. तेथे २०१७ साली उघडलेले लूव्र संग्रहालय आहे. आणि मशीद, चर्च व सिनेगॉग अशा सारख्याच आकाराच्या तीन वास्तू एकाच आवारात २०२३ पासून खुल्या झाल्या आहेत.

या सिनेगॉगला मोशे बेन मैमोन, म्हणजेच रांबाम, यांचे नाव आहे. १२०४ साली निवर्तलेल्या या महापंडितांनी एका पत्रात लिहिले होते की, हिंदुस्थानातील यहुद्यांस धर्मशास्त्र ठाऊक नाही. ते केवळ शब्बाथ व सुंता पाळतात. ते आपलेच पूर्वज काय, याविषयी विद्वानांत एकमत नाही. परंतु शनिवारी घाणा बंद ठेवून आपल्या वाडवडिलांनी कोकणात 'शनवार तेली' हे नाव मिळविले, हे सर्वश्रुत आहे.

तेथे नोकरीस असलेल्या आपल्या तरुणांस पूर्वी शुक्रवार-शनिवार सुटी असे. शुक्रवारी निघावे, तर सूर्यास्तापूर्वी परतण्याची घाई. २०२२ च्या जानेवारीपासून सरकारी कचेऱ्यांस शनिवार-रविवार सुटी मिळू लागली. तेव्हा ज्यांना रविवार मोकळा आहे, त्यांनी क्लबाचा ताफा शनिवारी निघाला तरी आपली मोटार रविवारीच काढावी. शब्बाथ मोडून रांबामच्या दारी जाणे आम्हांस शोभणारे नाही.