पणजोबांचे नाव पणतीला

आमच्या बिडकीन गावातील एका परिचित किराणा व्यापाऱ्याच्या घरी दोन महिन्यांपूर्वी कन्यारत्न आले. नक्षत्र शततारका, चौथा चरण, राशी कुंभ, अक्षर ‘सू’. घरातील तरुण मंडळींनी मोबाइलवर नावांच्या याद्या काढल्या आणि तीन दिवस त्यावर खल चालला. चौथ्या दिवशी खाटेवर बसलेल्या पणजीबाई एकाएकी म्हणाल्या, “सुमति ठेवा.”

क्षणभर कोणी काही बोलले नाही. सुमतिलाल हे त्यांच्या दिवंगत पतीचे नाव. जुन्या वळणाच्या मारवाडी घरातील या माउलीने उभ्या आयुष्यात पतीचे नाव उच्चारल्याचे कोणाच्या स्मरणात नव्हते. रेशनकार्डाच्या वेळीसुद्धा त्यांनी शेजारच्या मुलाला पुढे करून नाव सांगितले होते. नातू चाचरत म्हणाला, “दादीजी, ते दादाजींचे नाव. पुरुषाचे नाव मुलीला कसे ठेवायचे?” यावर पुण्याकडून आलेली नातसून हसून म्हणाली, “मला शाळेत सुमती नावाच्या बाई होत्या. मला तर हे बाईचेच नाव वाटते. फक्त फार जुने आहे.” अखेर दोघेही माझ्याकडे आले. “काका, तुम्ही वाचता-लिहिता. हे नाव मुलाचे की मुलीचे?”

या स्तंभातून आपण अनेकदा नावांविषयी बोललो आहोत. तेव्हा सुज्ञ वाचकांपुढेही हा प्रश्न ठेवतो.

व्याकरणाला विचारले तर ते दोघांच्याही बाजूने कौल देते. ‘सु’ म्हणजे चांगली, ‘मति’ म्हणजे बुद्धी. ज्याची बुद्धी चांगली तो सुमति, जिची बुद्धी चांगली तीही सुमति. संस्कृतात पुल्लिंगी ‘सुमति’ हा कवी आणि मुनी यांच्याप्रमाणे चालतो, स्त्रीलिंगी ‘सुमति’ हा मति शब्दाप्रमाणे. परंतु प्रथमेच्या एकवचनात दोन्हींचे रूप एकच. वाल्मीकी रामायणाच्या एकट्या बालकांडात दोन सुमति भेटतात. एक सगर राजाची राणी, साठ हजार पुत्रांची माता. दुसरा विशाला नगरीचा राजा, जो विश्वामित्रांसह आलेल्या राम-लक्ष्मणांचे स्वागत करतो. भागवतात ऋषभदेवांचे पुत्र भरत यांच्या मुलाचे नाव सुमति आहे, तर दत्त संप्रदायात श्रीपाद श्रीवल्लभांच्या मातेचे नाव सुमती आहे.

आपल्या परंपरेत हे नाव प्रथम स्मरते ते पाचव्या तीर्थंकरांमुळे. अयोध्येचे राजा मेघ आणि राणी मंगला यांचे पुत्र सुमतिनाथ. श्वेतांबर आम्नायात त्यांचे लांछन क्रौंच पक्षी, दिगंबर आम्नायात चकवा. हे नाव का पडले याची कथा हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा’त सांगितली आहे, आणि ती व्यापारी घरातील आहे. एका धनिक व्यापाऱ्याच्या दोन पत्नी. एकीला मुलगा होता, दुसरी निःसंतान. दोघींनी त्या बाळाला सारख्याच मायेने वाढवले. व्यापारी परमुलखात वारला, आणि दोघी राजदरबारी आल्या. मुलगा आपलाच, असे दोघीही म्हणत होत्या. कारण मुलगा जिचा, संपत्ती तिची. मूल इतके लहान की त्याची साक्ष घेता येईना. राजा मेघ व त्यांचे मंत्री हतबल झाले. तेव्हा गर्भवती असलेल्या मंगलादेवी म्हणाल्या, “माझ्या उदरी ज्ञानी पुत्र आहे. तो जन्माला येऊन मोठा झाला की निवाडा करील. तोवर थांबा.” सावत्र आई लगेच कबूल झाली. खरी आई मात्र म्हणाली, “इतके दिवस मला थांबवणार नाही.” राणीने मूल तिच्या हवाली केले. गर्भकाळी मातेला अशी सुमति सुचली, म्हणून पुत्राचे नाव सुमति.

यहुद्यांच्या धर्मग्रंथात शलमोन राजाची अशीच गोष्ट आहे. तेथे निवाड्यासाठी तलवार मागवावी लागली. आपल्या कथेत राणीने केवळ विलंब पुढे केला. जिचा हक्क खोटा, तिला विलंब परवडतो. जिचा खरा, तिला परवडत नाही. या वाक्यापाशी मी नेहमी अडखळतो. त्याचे कारण पुढे येईलच.

मुद्दा असा की पुरुषाला मिळालेले हे नाव मुळात एका स्त्रीच्या बुद्धीचे आहे.

आपल्याकडे साधू आणि श्रावक दोघांनीही ते सन्मानाने धारण केले. आठव्या शतकातील बौद्ध पंडित शांतरक्षितांचा ‘तत्त्वसंग्रह’ आणि त्यावरील कमलशीलांची टीका यांत सुमति नावाच्या दिगंबर आचार्यांच्या मतांचा परामर्श घेतलेला आहे. अलीकडच्या काळात सुमतिलाल, सुमतिकुमार, सुमतिचंद ही नावे आडत दुकानांच्या पाट्यांवर सर्रास दिसत. गुजराती घरांत सुमतिभाई आणि सुमतिबेन दोघेही असत. लाल, चंद, भाई, बेन या शेपटांनी स्त्री-पुरुष भेद सांभाळला होता. मूळ नाव मोकळे होते. सोलापूरच्या श्राविकाश्रमामुळे सर्वांना ज्ञात असलेल्या पद्मश्री पंडिता सुमतिबाई शहा याच नावाच्या.

जैनेतर मराठी घरांत मात्र हे नाव स्त्रियांकडे गेले. डॉक्टर असलेल्या कादंबरीकार सुमती क्षेत्रमाडे घराघरांत वाचल्या गेल्या. मुंबईत सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन या जहाज कंपनीची धुरा वाहणाऱ्या सुमती मोरारजी जन्मतः जमुना होत्या. सुमती हे नाव त्यांना सासरी मिळाले, आणि 1971 मध्ये त्याच नावाने त्यांना पद्मविभूषण लाभले. शुद्धलेखनाच्या नियमांनीही थोडा हातभार लावला असावा, असे माझे मत आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांनुसार शब्दाच्या शेवटचा तत्सम ऱ्हस्व इकार मराठीत दीर्घ होतो. ‘सुमतिनाथ’मधला ‘ति’ समासात असल्याने ऱ्हस्व राहिला, सुटे नाव ‘सुमती’ झाले, आणि दीर्घ ईकार पाहिला की आपले मन नदी, देवी, नारी यांच्याकडे धावते. शांतिनाथांच्या नावाचेही असेच झाले. तेथेही शांतिलाल पुरुष आणि शांती स्त्री.

आता माझी गोष्ट. बँकेत असताना मी एका शाखेत अधिकारी होतो. शाखेचे संगणकीकरण सुरू होते. जाडजूड लेजरमधील खाती बाहेरून आलेली मुले संगणकात भरत, आणि छापील याद्या तपासून सही करणे माझ्याकडे होते. एका आडत व्यापाऱ्याच्या मुदत ठेवीवर केवळ ‘सुमति’ आणि आडनाव होते. ‘लाल’ कधीतरी गळाले होते. स्त्री की पुरुष हा रकाना भरणे सक्तीचे. मुलाने ‘स्त्री’ भरले, नावामागे ‘श्रीमती’ आपोआप लागले, आणि दिवसाला शेकडो ओळी तपासणाऱ्या मी सही केली.

काही वर्षांनी ते गृहस्थ वारले. पत्नी नॉमिनी होती, कागद पूर्ण होते. परंतु मृत्यूचा दाखला पुरुषाचा आणि ठेव ‘श्रीमतीं’ची. प्रकरण वरच्या कार्यालयात गेले. प्रतिज्ञापत्र मागवले, मग दोन साक्षीदार, मग जुने लेजर. आठ महिने लागले. त्या बाई दर पंधरवड्याला येत, बाकावर बसत, पाणीही मागत नसत. एकदाच म्हणाल्या, “साहेब, तीस वर्षं ज्यांनी तुमच्याकडे भरणा केला, ते बाई होते का?” त्या काळात त्यांनी घरातील दागिना मोडल्याचे मला नंतर कळले. यादीवरची सही माझी होती, हे मी त्यांना सांगितले नाही. तसे सांगण्याचा कोणता नियम नव्हता, पण नियम नव्हता म्हणून सांगितले नाही, असेही म्हणता येणार नाही.

म्हणूनच त्या तरुण जोडप्याला नावाच्या अर्थापेक्षा कागदाविषयी मी अधिक बोललो. जन्माची नोंद नावाशिवाय होऊ शकते. नोंदणीपासून बारा महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येते, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. तेव्हा घाई नको. परंतु 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखल्याचे महत्त्व फार वाढले आहे. ऱ्हस्व की दीर्घ, इंग्रजीत ‘टी’पुढे दक्षिणेप्रमाणे ‘एच’ लावायचा की नाही, हे एकदाच ठरवावे आणि सर्वत्र तेच लिहावे. स्त्री-पुरुष रकाना स्वतः वाचल्याशिवाय दाखला घेऊन खिडकीवरून हलू नये.

आज हे नाव नवजातांत विरळाच. आमच्या पाठशाळेच्या हजेरीपटात संयम, समकित, मोक्ष आहेत, सुमति एकही नाही. नातसुनेची शंका तीच होती, की वर्गात मुले चिडवतील. मी म्हटले, वर्गात चार आरोही असण्यापेक्षा एक सुमति शिक्षकांच्या लवकर लक्षात राहील. हे उत्तर तिला कितपत पटले, मी जाणत नाही. पण मंगलादेवींची गोष्ट तिने दोनदा ऐकली, आणि दुसऱ्यांदा मोबाइलवर मुद्रित करून घेतली.

मुलीचा जन्म छत्रपती संभाजीनगरच्या रुग्णालयातला, म्हणून नोंद तेथील महानगरपालिकेत. मागील आठवड्यात दाखला आला: सुमति, ऱ्हस्व, लिंग स्त्री. नातवाने तो पणजीबाईंच्या हाती दिला. त्यांना वाचता येत नाही. तरी त्यांनी तो बराच वेळ धरून ठेवला.

बाळाला मात्र त्या अजून ‘छोरी’ अशीच हाक मारतात. नाव तोंडातून निघत नाही, म्हणतात, सवय नाही.