मिश्र पद्धति कीं सरमिसळ?

आमच्या विद्यापीठीय जगांत सध्यां एका शब्दाची मोठी चलती आहे. तो शब्द म्हणजे ‘मिश्र पद्धति’. समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, अर्थशास्त्र, कोणताहि विषय घ्या, पीएच्.डी.च्या आराखड्यांत हा शब्द नसेल तर उमेदवार जुन्या वळणाचा ठरतो. परंतु प्रबंध उघडून पाहावा तों पुष्कळदां काय आढळतें? दोनतीनशें प्रश्नावल्या, त्यांच्या टक्केवारीचीं पानेंच्या पानें कोष्टकें, आणि शेवटच्या प्रकरणांत चारपांच मुलाखतींतलीं हृदयद्रावक वाक्यें, दाराला तोरण लावावें तशीं टांगलेलीं. तोरण काढलें तरी घर उभेंच राहतें. तसेंच या मुलाखती गाळल्या तरी प्रबंध उभाच राहतो. जें काढून घेतल्यानें निष्कर्ष तिळभरहि बदलत नाहीं, त्याला पुरावा म्हणणें ही शुद्ध आत्मवंचना होय. आमचा आक्षेप मिश्र पद्धतीवर नाहीं. तिच्या नांवाखालीं चाललेल्या या सरमिसळीवर आहे.

हा दोष विद्यार्थ्याचा, असें म्हणून हात झटकणें सोपें आहे. पण त्याला शिकविलें काय जातें? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनीं पीएच्.डी.साठीं किमान एका सत्राचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. संशोधनपद्धतीच्या त्या पाठांत संख्यात्मक पद्धति व संगणकाचा वापर यांचा नांवानिशीं उल्लेख होता. २०१६ च्या नियमांत क्षेत्रकार्यादि विषयांची भर पडली. परंतु माणसाला बोलतें कसें करावें, त्याच्या मौनाचा अर्थ कसा लावावा, त्याचे शब्द कसे पारखावे, ही ऐकण्याची विद्या दोन्ही ठिकाणीं अनामिकच राहिली. २०२२ च्या नियमांनीं त्यांची जागा घेतली असली, तरी एकदां पडलेलें वळण सहजीं मोडत नाहीं. गणित शिकावें लागतें, आणि ऐकणें मात्र जन्मतःच येतें, ही समजूत आमच्यांत पक्की रुजली आहे.

या समजुतीची किंमत काय, हें वऱ्हाडाहून अधिक कोणाला ठाऊक असावें? अमरावतीच्या विभागीय आयुक्तालयांत २००१ पासून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची नोंद ठेवली जाते. तींत ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ असे वर्ग असतात. २००६ च्या जानेवारींतील शासननिर्णयानें एक लाख रुपयांच्या मदतीसाठीं नापिकी, बँक, सहकारी संस्था वा परवानाधारक सावकार यांचें कर्ज, आणि वसुलीचा तगादा, अशा कसोट्या ठरविल्या. आतां विचार करा: कुटुंबांत कोणाच्याच नांवें सातबारा नाहीं, दुसऱ्याचें शेत मक्त्यानें केलें, पैसा बिनपरवाना सावकाराकडून नाहीं तर सोयऱ्याकडून उचलला, असा मनुष्य गेला तर तो कोणत्या रकान्यांत पडेल? म्हणजे हा आंकडा निसर्गांत सांपडलेला नव्हे. तो निवाड्यांतून निघालेला आहे. एखाद्या विद्यार्थ्यानें तो जसाच्या तसा उचलून पर्जन्यमानाशीं जोडला, तर गणित बिनचूक आणि निष्कर्ष खोटा, असा प्रसंग ओढवेल.

उलटपक्षीं, केवळ दहा घरांत बसून अश्रूंच्या कहाण्या टिपून आणणाऱ्यालाहि आम्ही शाबासकी देणार नाहीं. हें दुःख एका गांवाचें कीं विभागाच्या पांचहि जिल्ह्यांचें, हें त्याला सांगतां येत नाहीं. शिवाय कर्ज तर शेजारच्या जिवंत शेतकऱ्याच्या डोक्यावरहि आहे. मग तो कां तगला, या प्रश्नाला त्याच्यापाशीं उत्तर नसतें.

दोन्ही कसें साधावें याचा धडा दूर नाहीं. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे श्रीजित मिश्र यांनीं २००६ सालीं महाराष्ट्र शासनास अहवाल सादर केला. राज्यांतील दर लाख पुरुष शेतकऱ्यांमागें १९९५ सालीं १५ असलेलें आत्महत्यांचें प्रमाण २००४ सालीं ५७ वर गेलें, हें त्यांनीं मोजून दाखविलें. पण ते तेवढ्यावर थांबले नाहींत. यवतमाळ, वाशीम व वर्धा या जिल्ह्यांत १११ मृतांच्या कुटुंबांची पाहणी झाली, आणि ज्यांच्या घरीं असा प्रसंग घडला नव्हता अशा कुटुंबांशीं त्यांची तुलना केली गेली. मृतांच्या घरीं थकलेलें कर्ज अधिक, कुटुंब मोठें आणि बैल कमी, असें दिसून आलें. बैल मोजावे हें संगणक सांगत नाहीं. गोठा रिकामा होणें म्हणजे काय, हें शेतकऱ्याच्या ओसरीवर बसल्यानेंच कळतें. आणि तो रिकामा गोठा अपवाद नव्हे, हें मोजल्यावांचून सिद्ध होत नाहीं.

ही पाश्चात्यांची नवी टूम आहे, असें म्हणणाऱ्यांस एवढेंच सांगावेंसें वाटतें कीं, महसूल खात्यांत राहून गांव पाहिलेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांव-गाडा’ १९१५ चा, आणि पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हॅरल्ड मॅन यांची पिंपळे सौदागरची पाहणी १९१७ ची. पहिल्याचें बळ वर्णनांत, दुसऱ्याचें मोजमापांत. दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवून वाचणाऱ्यासच दख्खनचें खेडें पुरतेपणीं दिसतें.

कोणी म्हणेल, तीनचार वर्षांत दोन विद्या कशा याव्या? येणार नाहींत, हें आम्हांस मान्य आहे. म्हणूनच एकट्या विद्यार्थ्यावर हा भार टाकणें अन्याय्य आहे. अकोल्याचें कृषि विद्यापीठ १९६९ पासून उभें आहे, अमरावतीचें विद्यापीठ १९८३ पासून. मध्यें फार तर शंभरेक किलोमीटरांचा रस्ता. एका ठिकाणचा संख्याशास्त्रज्ञ आणि दुसऱ्या ठिकाणचा समाजशास्त्रज्ञ एकाच विद्यार्थ्याचे मार्गदर्शक कां होऊं नयेत? दुसरा आक्षेप असा कीं, आंकडा आणि कथन यांचें सत्यच भिन्न. त्यांचें लग्न लागणार नाहीं. आम्ही म्हणतों, लग्न लावूंच नका. त्यांना भांडूं द्या. जेथें कोष्टक एक म्हणतें आणि म्हातारी दुसरें म्हणते, तेथूनच संशोधनाला आरंभ होतो.

तेव्हां मौखिक परीक्षेंत प्रत्येक उमेदवारास एकच प्रश्न विचारावा: तुझे दोन पुरावे कोठें विसंवादी ठरले, आणि मग तूं काय केलेंस? ज्याला याचें उत्तर देतां येत नाहीं, त्याच्या प्रबंधावरून ‘मिश्र’ हें विशेषण उतरवून घ्यावें. पदवी द्यावी कीं नाहीं, तें परीक्षकांनीं ठरवावें. परंतु वऱ्हाडांतील मेलेल्या माणसांचा उपयोग कोष्टकाच्या सजावटीसाठीं होऊं नये, एवढें पाहणें हें सर्व सुशिक्षित समाजाचें कर्तव्य आहे.