नव्या भिक्षुकांची दक्षिणा

जून महिना उजाडला कीं जिल्ह्याच्या गांवांतील चौकाचौकांत नव्या देवांच्या तसबिरी लागतात. अमक्याला ७२० पैकीं ७०५, तमकीला ९९.९८ पर्सेंटाईल, खालीं क्लासचें नांव आणि फोनचा आंकडा. एकाच पोराचा फोटो तीन तीन क्लासांच्या फलकांवर झळकतो. तो नक्की कोणाचा शिष्य, हें त्या पोरालाही सांगतां येणार नाहीं. फलकाखालीं उभा राहून आमचा शेतकरी मान वर करून पाहतो, आणि घरीं जाऊन एक एकर गहाण टाकतो. ज्यांचे फोटो लागले नाहींत अशा हजारोंची फी कोठें गेली, हा हिशेब कोणत्याच फलकावर नसतो.

जोतीराव फुल्यांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं सत्यशोधक समाज स्थापिला, तेव्हां मुख्य म्हणणें एवढेंच होतें कीं निर्मिक आणि माणूस यांच्यामध्यें दलाल नको. लग्न लावायला, मूठमाती द्यायला, घर भरायला मधला माणूस लागत नाहीं हें आमच्या आजापणज्यांनीं करून दाखविलें, बहिष्कार सोसले, कोर्टकचेऱ्या केल्या. त्यांचीच पतवंडें आज विद्यापीठाच्या दाराशीं दलालाचे पाय धरून बसलीं आहेत. जुन्या भिक्षुकाची सत्यनारायणाची दक्षिणा सव्वा रुपया होती. नव्याची सव्वा लाखाला सुरू होते आणि तीही आगाऊ घेतली जाते. जुना भिक्षुक म्हणे, मंत्र तुम्हांला कळायचा नाहीं. नवा म्हणतो, पुस्तक तुम्हांला कळायचें नाहीं, आमच्या नोट्स घ्या. पुस्तक मात्र एन.सी.ई.आर.टी.चें असतें, बाजारांत थोड्या रुपयांत मिळतें, आणि परीक्षेचा पाया तेंच आहे!

जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन दिलें, त्यांतील एक भाग आमच्या सर्व वक्त्यांना पाठ आहे : सरकारचा महसूल रयतेच्या घामांतून यावा आणि उच्च शिक्षणाची मलई मात्र वरच्या वर्गानें खावी. परंतु त्याच निवेदनांत एक लहानसा मुद्दा आहे, त्याकडे कोणी फारसें पाहत नाहीं. त्या काळीं मुंबई युनिव्हर्सिटीच्या प्रवेशपरीक्षेला, म्हणजे मॅट्रिकला, घरीं अभ्यास करून बसतां येत असे. जोतीरावांनीं त्याबद्दल समाधान व्यक्त केलें आणि हीच सवलत बी.ए., एम.ए.ला द्या अशी मागणी केली. कारण अनेकांना कॉलेजांत जाऊन शिकणें शक्य नसतें, आणि अशानें सरकारचा खर्चही वांचेल. म्हणजे परीक्षेला त्यांचा विरोध नव्हता. कंदिलाच्या उजेडांत स्वतः शिकलेल्या पोराला बसतां येईल अशी परीक्षा त्यांना हवी होती. आजच्या प्रवेशपरीक्षेला अशा पोराला बसण्याची बंदी कोठेंही लिहिलेली नाहीं. देवळाच्या दारावरही पुष्कळदां कांहीं लिहिलेलें नसे.

कारण परीक्षेची घडणच तशी झाली आहे. नीटमध्यें १८० प्रश्न, तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापणार. हें ज्ञानाबरोबर सरावाचें काम आहे, आणि सराव करून घेण्याची जागा शाळेनें सोडून दिली आहे. अकरावी-बारावीचें कॉलेज हें कित्येक ठिकाणीं नुसतें हजेरीपट राहिलें. पोराचें नांव एका कॉलेजांत, पोर दिवसभर क्लासांत, आणि दोघांमध्यें फीची वांटणी. याला ‘इंटिग्रेटेड’ असें गोंडस नांव आहे. २०१८ सालीं सरकारनें विज्ञानाच्या वर्गांना अंगठ्याच्या हजेरीचें फर्मान काढलें. अंगठे उमटूं लागले असतील, वर्ग भरूं लागले नाहींत. २०२४ च्या जानेवारींत केंद्र सरकारनें सोळा वर्षांखालील मुलांना क्लासांत घेऊं नका, रँकची हमी देऊं नका, अशा सूचना काढल्या. आमच्या गांवच्या फलकांवरून त्यांचा पत्ता कोणाला लागणार नाहीं.

आतां कोणी म्हणेल, गुणवत्ता नको काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर दिलें पाहिजे. एकच देशव्यापी परीक्षा आली ती खाजगी कॉलेजांतील देणग्यांचा बाजार मोडण्यासाठीं, आणि हेतू वाईट नव्हता. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या यंत्राला आडनांव वाचतां येत नाहीं, हेंही आम्ही मानतों. पण २०२४ चे आंकडे पाहा. तेवीस लाखांहून अधिक मुलें बसलीं, सुमारें तेरा लाख ‘पात्र’ ठरलीं, आणि एम.बी.बी.एस.च्या जागा देशांत एक लाख आठ हजारांच्या आसपास. त्यांतील सरकारी निम्म्याच्या थोड्या वर. म्हणजे पात्रतेची रांग जागांच्या बारापट. या रांगेंत सरकारी जागा संपल्यावर पुढें काय होतें? पन्नास हजार क्रमांक मागें असलेला पैसेवाल्याचा मुलगा भरमसाट फी भरून खाजगी कॉलेजांत डॉक्टर होतो आणि त्याच्या पुढें असलेली कुणब्याची पोर बी.एस्सी.ला जाते. गुणवत्तेचे पहारेकरी या दारावर कधीं उभे राहिलेले आम्हांला दिसले नाहींत. ते नेहमीं राखीव जागांच्या दारावर काठी आपटीत असतात. त्याच वर्षीं पाटणा व हजारीबाग येथें पेपर फुटल्याचें सुप्रीम कोर्टानें मान्य केलें. फेरपरीक्षा नको म्हटलें, पण फुटला हें नाकारलें नाहीं. फुटलेला पेपर विकत घेण्याची ऐपत ऊसतोड्याच्या पोराची असते काय?

मद्रासकडील आमच्या भाऊबंदांनीं या प्रश्नांत जास्त डोकें लढविलें आहे. तामिळनाडूनें २००६ चा कायदा करून प्रवेशपरीक्षा काढून टाकल्या आणि बारावीच्या गुणांवर प्रवेश दिले. २०१७ पासून नीट लागू झाली. पुढें २०२१ सालीं न्यायमूर्ति ए. के. राजन यांच्या समितीनें पाहणी केली, तेव्हां तामिळ माध्यमाचीं, खेड्यांतलीं आणि घरांत पहिल्यांदाच शिकणारीं मुलें वैद्यकीय कॉलेजांतून घटल्याचें आढळलें. समितीची वाट न पाहतां तेथील सरकारनें २०२० सालींच सरकारी शाळेंत शिकलेल्यांसाठीं साडेसात टक्के जागा निराळ्या ठेवल्या होत्या. महाराष्ट्रांत जिल्हा परिषदेच्या शाळेंत शिकलेल्या मुलासाठीं असें कांहीं मागणारा एक आमदार दाखवा! आमचे पुढारी मागणार कसे? आमच्यांतल्याच कित्येकांचीं कॉलेजें आहेत. येथें स्पष्टच बोलतों : हा नवा भिक्षुक एका जातीचा राहिलेला नाहीं. गादीवर आतां पाटील-देशमुखही बसले आहेत, आणि शाहू-फुल्यांच्या तसबिरीला हार घालून खालच्या खिडकींत ते फी घेत आहेत.

हें बदलेपर्यंत पोरांनीं वाट पाहत बसावें असें आम्ही म्हणत नाहीं. ज्यांचा क्लास होणार नाहीं त्यांनीं पाठ्यपुस्तक अक्षरशः ओळीओळीनें वाचावें, मागल्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात, चार पोरांनीं मिळून एकमेकांच्या चुका काढाव्यात. महाज्योति, सारथी, बार्टी या सरकारी संस्थांच्या योजनांची चौकशी वेळेवर करावी. पण अभ्यासाइतकेंच दुसरें काम आहे, तें आमच्या लोकांकडून नेहमीं राहून जातें. तें म्हणजे दाखले. व्यावसायिक शिक्षणाच्या राखीव जागेला जातपडताळणीचा दाखला लागतो. त्यासाठीं ओ.बी.सी.ला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींचा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वींचा आणि अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वींचा पुरावा हवा. आजोबाच्या शाळेचा दाखला, कोतवाल बुकांतील नोंद, खासरापत्रक हें शोधायला महिने जातात. निकालानंतर धांवाधांव करणाऱ्याची जागा डोळ्यांदेखत जाते. ज्या आज्याला शाळेंतच घेतलें नाहीं त्याच्या शाळेचा दाखला नातवानें आणावा, हा न्यायही मोठा मासलेवाईक आहे; परंतु अकरावींतच अर्ज टाकावा. नॉन-क्रीमीलेअरचा दाखला मुदतींतला ठेवावा.

आणि समजा, जागा मिळाली. मग काय? शिक्षणाच्या गप्पा मारणारे सगळे येथेंच थांबतात, आणि आमच्या पोरांचे खरे हाल येथून सुरू होतात. मराठींतून नीटची पत्रिका मिळते, पण वैद्यकाचा वर्ग इंग्रजींत भरतो. बारावीपर्यंत ‘पेशी’ म्हणणारा पोरगा पहिल्या आठवड्यांत पुढच्या बांकावरून मागच्या बांकावर जातो आणि प्रश्न विचारणें सोडून देतो. वसतिगृहांत पहिली ओळख होते ती ‘रँक किती?’ या प्रश्नानें. हा प्रश्न साळसूद दिसतो. तो गोत्र विचारण्याचा नवा प्रकार आहे. आंकडा ऐकला कीं विचारणाऱ्याला जात कळते आणि त्याचा चेहरा बदलतो. दिल्लीच्या एम्सविषयीं प्रा. सुखदेव थोरात समितीनें २००७ सालीं अहवाल दिला. दलित-आदिवासी विद्यार्थी वसतिगृहांत वेगळे पडतात, शिक्षक त्यांना मदत करीत नाहींत, हें त्यांत नमूद आहे. देशांतील पहिल्या प्रतीच्या रुग्णालयाची ही कथा! २०१६ सालीं हैदराबादेंत रोहित वेमुला गेला, २०१९ सालीं मुंबईंत डॉ. पायल तडवी गेली. दोन दिवस मेणबत्त्या जळल्या.

शाहू महाराजांना हें शंभर वर्षांपूर्वीं कळलें होतें. शिक्षण फुकट करून भागत नाहीं, शहरांत पोराला पाठ टेकायला जागा आणि दोन वेळची भाकर लागते, आणि ‘तूं कोणाचा?’ असें न विचारणारीं माणसें लागतात, म्हणून त्यांनीं १९०१ सालीं मराठा बोर्डिंग काढलें आणि पुढें जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठीं बोर्डिंगें उभीं राहिलीं. कर्मवीर भाऊरावांनीं १९२४ सालीं साताऱ्यास जें बोर्डिंग चालविलें त्यांत तर सगळ्या जातींचीं पोरें एका पंक्तीला जेवलीं; त्यासाठीं लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले, मंगळसूत्रही गेलें. त्या बोर्डिंगांत मोठा मुलगा लहानाला शिकवी. हीच खरी शिकवणी, आणि तिला फी नव्हती.

आज आमच्या जातवार मंडळांजवळ पैसा नाहीं असें नाहीं. दर वर्षीं जुलैंत गुणगौरव समारंभ होतात. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, पाहुण्यांच्या मोटारी, पांच तास भाषणें. सत्कार झालेला मुलगा स्मृतिचिन्ह बगलेंत मारून पुण्याला जातो आणि आठ जणांच्या खोलींत कॉटवर पैसे भरून राहतो, कारण सरकारी वसतिगृहाची यादी लागेपर्यंत सत्र निम्मे सरतें आणि निर्वाहभत्ता त्याच्याही मागून येतो. आमची सूचना साधी आहे. या वर्षींचा समारंभ रद्द करावा. त्या पैशांत मंडळानें पुण्यांत, नागपुरांत, संभाजीनगरांत जून ते डिसेंबर सहा महिन्यांसाठीं चार-चार खोल्या घ्याव्यात, जात न विचारतां पहिल्या वर्षाच्या पोरांना त्या द्याव्यात, आणि त्याच कॉलेजांत तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असलेला आपला एकेक मुलगा किंवा मुलगी रोज संध्याकाळीं दोन तास इंग्रजी शब्द समजावून द्यायला तेथें बसवावी. जें मंडळ हें करील त्याचें नांव आणि खोल्यांचा पत्ता आम्ही पहिल्या पानावर फुकट छापूं. समारंभाचे फोटो मात्र यापुढें पाठवूं नयेत.