दोराबजींच्या चरित्रात मुळशी का नाही?



रविवारच्या पुरवणीतील सर दोराबजी टाटांवरचा लेख वाचला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला खेळाडू पाठवण्यासाठी त्यांनी पदरमोड केली, १९३२ मध्ये बहुतेक सारी संपत्ती विश्वस्त निधीला दिली, हे सगळे लेखात आले. मग १९२१ कुठे गेले? त्या वर्षी रामनवमीला, १६ एप्रिलला, आमच्या मावळ्यांनी टाटांच्या मुळशी धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. लेखात मुळशीचा ‘मु’सुद्धा नाही!

दोराबजींचे कर्तृत्व आणि दातृत्व कोण नाकारतो? पण जमिनी ताब्यात येण्याआधीच शेतात चर खणले ते त्यांच्याच कंपनीने. पुढे सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा कंपनीच्या दिमतीला दिला. पन्नासएक गावांच्या भातखाचरांवर गदा आली. वीज गेली मुंबईच्या गिरण्यांना.

यावर ठरलेले उत्तर म्हणजे ‘तो काळच तसा होता’. साफ चूक. त्याच काळात गांधीजींनी ‘यंग इंडिया’त मुळशीचा प्रश्न मांडून टाटांना आवाहन केले होते. सत्याग्रहाचे पुढारी सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे गावोगाव फिरत होते. बाया-माणसे तुरुंगात जात होती. म्हणजे अन्याय होतोय हे टाटांना तेव्हाच कळले होते. कळूनही धरण बांधले, याला काळ काय करणार?

दुसरे उत्तर, ‘एवढे दान केले, मग एक चूक पोटात घाला.’ घालू की! पण ज्यांची खाचरे बुडाली त्यांनी घालायची, पुरवणीच्या लेखकाने परस्पर नव्हे. आमच्या बापटांनी पुढे रेल्वे अडवली, हे आम्ही लपवत नाही. त्याची सात वर्षांची सजा त्यांना झाली. टाटांच्या बाबतीतच एवढी नजरचूक कशी होते?

आजही पाणी सह्याद्रीतून खाली भिऱ्याच्या वीजघराला जाते आणि धरणाकाठच्या वाड्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. धरण उशाला, कोरड घशाला. लोकप्रतिनिधींना मुळशीचे पाणी आठवते ते पुणे शहराची तहान वाढली की.

दोराबजींना जरूर मोठे म्हणा. पण पुढच्या लेखात ऑलिंपिकशेजारी मुळशी सत्याग्रहही छापा.

– एक वाचक, पौड (ता. मुळशी)