‘आपल्याकडे होत नाही’ असा कॅन्सर

मेलॅनोमा हा गोऱ्यांचा आजार, आपल्याला त्याचं काय, असं शिकलेली माणसंही बेधडक सांगतात. अर्धी गोष्ट खरी आहे. त्वचेच्या या कॅन्सरचं प्रमाण ऑस्ट्रेलियात जगात सर्वाधिक, भारतात फार कमी. पण सावळ्या कातडीत तो धरतो त्या जागा वेगळ्या: तळपाय, तळहात, नखाखाली. तिथे उन्हाचा दोष फारसा नसतो. जमैकाचा गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली 1977 साली हाच प्रकार निघाला. आधी तो फुटबॉल खेळताना झालेला मार वाटला होता. 1981 मध्ये, वयाच्या 36व्या वर्षी तो गेला.

म्हणूनच ‘सगळी माहिती मोबाइलवर मिळते’ हा दिलासा इथे फसवा ठरतो. मिळते ती बहुतेक गोऱ्या पाठीवरच्या तिळांची आणि सनस्क्रीनची. ती वाचून टाचेवर काळा डाग असलेली बाई निर्धास्त होते. डागाला कुरूप समजून त्यावर कॉर्न कॅप चिकटवली जाते, नखातली काळी रेघ ‘दारात बोट चेमटलं असेल’ म्हणून सोडून दिली जाते. सावळ्या लोकांच्या नखांत अशा रेघा निरुपद्रवीही असतात, हे मान्य. पण एकाच नखात नव्याने उमटलेली, रुंदावत चाललेली किंवा शेजारच्या कातडीवर उतरलेली रेघ त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायलाच हवी.

दाखवली, की घरात दुसरी हाकाटी सुरू होते: ‘सुई लावू नका, पसरेल.’ या भीतीला आधार नाही. तुकडा तपासल्याशिवाय निदानच होत नाही. उलट, तपासणी न करताच डाग जाळून किंवा खरवडून घेतला, तर तो किती खोल गेला होता हे कळण्याची संधीच हातची जाते. बायोप्सीच्या अहवालात या खोलीचा ‘ब्रेस्लो’ नावाचा मिलिमीटरमधला आकडा असतो. किती कातडी काढायची, काखेतली किंवा जांघेतली गाठ तपासायची का, हे बरंचसं त्यावर ठरतं. दुसरं मत घ्यायला निघताना म्हणूनच नुसता कागद पुरत नाही. मेणाचे ब्लॉक आणि काचपट्ट्याही लॅबमधून मागून घ्याव्यात.

राहिला तिसरा आक्षेप, आणि तो जरा वजनदार आहे: ‘आपल्याकडे मेलॅनोमाचं वेगळं मंडळ कुठे आहे? रुग्णाने जायचं कुणाकडे?’ अमेरिकेत मेलॅनोमा रिसर्च फाउंडेशन 1996 पासून आहे, हे खरं. पण मुंबईत 1951 पासून इंडियन कॅन्सर सोसायटी आहे, 1969 पासून कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन आहे, 1994 पासून व्ही केअर आहे. यांची दारं एकाच अवयवाच्या कॅन्सरसाठी उघडलेली नाहीत. टाटा हॉस्पिटलात वैद्यकीय समाजसेवकांचा विभाग आहे; खर्चाचं कोडं आधी तिथे मांडावं. बाहेरगावच्यांच्या मुक्कामासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती आहेच. आजार दुर्मीळ असला, तरी लोकलमधून केस गळलेल्या डोक्याने जाण्याचा संकोच किंवा नोकरीवर सांगावं की नाही हा पेच दुर्मीळ नाही. स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेली बाईही त्यावर सल्ला देऊ शकते.

परदेशी रुग्णगटांकडे पाठ फिरवायची, असा मात्र याचा अर्थ नव्हे. इम्युनोथेरपीचा रोजचा अनुभव तिथे भरपूर मिळतो. यकृत आणि मेंदूपर्यंत पोचलेल्या मेलॅनोमावर 2015 मध्ये उपचार घेतलेले अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर 2024 अखेर, शंभरी ओलांडून वारले, ही गोष्ट तिथे उमेदीने सांगितली जाते. सांगावीच. फक्त तळपायाचा मेलॅनोमा इम्युनोथेरपीच्या औषधांना सहसा तेवढा प्रतिसाद देत नाही आणि तिथल्या गप्पांत सतत येणारा ‘ब्रॅफ’ नावाचा जनुकीय बदलही त्यात कमी आढळतो. तेव्हा तिथली गोष्ट आपल्याला लागू आहे का, हे आपल्या कॅन्सरतज्ज्ञाला रिपोर्ट पुढे ठेवून विचारावं.

आणि एखाद्या संस्थेने मराठीत पत्रक काढायचंच ठरवलं, तर पहिल्या पानावर तळपायाचा आणि नखाचा फोटो हवा. समुद्रकिनाऱ्यावरची टोपी मागच्या पानावर गेली तरी चालेल.